कीबोर्ड शॉर्टकट: कोकणातल्या ऑपरेटर, दुकानदार आणि विद्यार्थ्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुडाळ, कणकवली, सावंतवाडी या पट्ट्यात कॉम्प्युटर शिकवताना जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे उत्तरांसह दिले आहेत. विचारणाऱ्यांत ग्रामपंचायतीचे ऑपरेटर आहेत, आंब्याचे हिशेब ठेवणारे आहेत, होमस्टे चालवणाऱ्या वहिनी आहेत आणि टायपिंगच्या परीक्षेला बसणारी मुलं आहेत. उत्तरं विंडोज १० आणि ११ धरून लिहिली आहेत. 'कंट्रोल + एस' असं लिहिलं असेल तर कंट्रोल दाबून धरायचा, एस एकदाच टिचकीसारखा दाबायचा आणि मग दोन्ही सोडायचे. बरेच जण दोन्ही बटणं एकदम दाबायला जातात आणि म्हणतात, चालत नाही.

सगळ्यात आधी कोणता शॉर्टकट शिकू?

कंट्रोल + एस, म्हणजे सेव्ह. कॉपी-पेस्टही त्याच्या नंतर.

कारण आपल्याकडचा पाऊस. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कधी तारेवर फांदी पडेल आणि लाईट जाईल याचा नेम नसतो. लॅपटॉप तग धरतो, पण यूपीएस नसलेला डेस्कटॉप त्याच क्षणी काळा पडतो. 'वर्ड आपोआप सेव्ह करतं ना?' असं हमखास विचारतात. फाईल वनड्राइव्हवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाईन साठ्यावर असेल तरच ते सतत सेव्ह होतं. फाईल तुमच्याच कॉम्प्युटरवर असेल तर वर्ड फक्त सावरून घेण्यापुरती एक प्रत ठेवतं, तीही मूळ सेटिंगप्रमाणे दर १० मिनिटांनी. ग्रामसभेचं इतिवृत्त टाईप करताना १० मिनिटांत दोन ठराव लिहून होतात. तेवढे गेले की ते पुन्हा आठवून लिहायचे, आणि शब्द तेच येतील याची खात्री नाही.

म्हणून परिच्छेद संपला की कंट्रोल + एस. फोन वाजला की उचलण्याआधी कंट्रोल + एस. ढग गडगडले तर विचारायलाच नको. बोटांना एकदा सवय लागली की आपण ते करतोय हेही लक्षात येत नाही.

एक मोठी सूचना: वेबसाईटवरच्या फॉर्ममध्ये हा उपयोगाचा नाही. तिथे कंट्रोल + एस दाबलं तर त्या पानाची प्रत तुमच्या कॉम्प्युटरवर उतरते, भरलेली माहिती काही पोर्टलवर जात नाही. ऑनलाईन तक्रार किंवा अर्जाचा लांब मजकूर लिहायचा असेल तर आधी नोटपॅडमध्ये लिहा, तिथे सेव्ह करा आणि मग फॉर्ममध्ये चिकटवा.

'माका इंग्रजी येना नाय, मग शॉर्टकट कशे पाठ होतले?'

होतले, आणि इंग्रजी न येताही होतले. शॉर्टकट बोटांनी लक्षात राहतात, शब्दांनी नाही.

कीबोर्डची डावीकडची खालची ओळ पाहा: झेड, एक्स, सी, व्ही. एकाला लागून एक. कंट्रोल धरून झेड दाबला की शेवटची कृती मागे जाते, एक्सने मजकूर कापला जातो, सीने कॉपी होतो, व्हीने चिकटतो. यातल्या कापून-चिकटवण्यामागे लॅरी टेस्लर हे संगणकशास्त्रज्ञ होते. १९७० च्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पार्क या संशोधन केंद्रात त्यांनी टिम मॉट यांच्यासोबत कट, कॉपी, पेस्ट ही पद्धत घडवली. पुढे ॲपलच्या १९८३ च्या लिसा कॉम्प्युटरमधून आणि १९८४ च्या मॅकिंटॉशमधून ती सगळीकडे पोचली. त्याआधीच्या अनेक प्रोग्रॅममध्ये मजकूर हलवायचा तर वेगळ्या मोडमध्ये जावं लागायचं आणि नवखा माणूस तिथेच अडकायचा. शिकणाऱ्याला अडकू द्यायचं नाही या हट्टातून ही गोष्ट आली आहे. त्यामुळे 'हे शिकलेल्यांचं काम' असं कोणी म्हटलं की मला पटत नाही.

शिकताना डावी करंगळी कंट्रोलवर ठेवा आणि उरलेली बोटं त्या चार बटणांवर फिरवा. नावं नंतर आली तरी चालतील.

एकूण किती शॉर्टकट पाठ करायचे?

तीन. ते अंगवळणी पडले की आणखी तीन.

भिंतीवर शंभर शॉर्टकटचा तक्ता चिकटवलेला मी अनेक दुकानांत पाहिला आहे. मालक मात्र उजवी क्लिक करून 'कॉपी' शोधत असतो. तक्त्यात दोष नाही, पण त्यातले नव्वद त्याच्या कामाचेच नाहीत. त्याऐवजी एक दिवस स्वतःच्या उजव्या हाताकडे लक्ष द्या. कीबोर्ड सोडून तो माऊसकडे नेमका कशासाठी जातो? जे सगळ्यात जास्त वेळा होतं, त्याचा शॉर्टकट पहिला.

सेवा केंद्रातलं रोजचं काम घ्या. एका खिडकीत ग्राहकाच्या कागदपत्रावरची माहिती, दुसऱ्या खिडकीत पोर्टलचा फॉर्म. माऊसने करायचं तर नाव निवडा, उजवी क्लिक, कॉपी, खाली पट्टीवर जाऊन दुसरी खिडकी, रकान्यात क्लिक, उजवी क्लिक, पेस्ट. कीबोर्डवर हेच: कंट्रोल + सी, ऑल्ट + टॅब, कंट्रोल + व्ही. ऑल्ट + टॅब एकदा दाबून सोडलं की आधीच्या खिडकीत जातो, पुन्हा दाबलं की परत येतो. ऑल्ट धरूनच ठेवला तर उघड्या असलेल्या सगळ्या खिडक्या समोर दिसतात.

त्याहून चांगलं म्हणजे दोन्ही खिडक्या शेजारी लावणं. एका खिडकीत असताना विंडोज की + डावा बाण दाबा, मग उरलेल्या अर्ध्या भागात दुसरी खिडकी निवडा. डावीकडे कागद, उजवीकडे फॉर्म. नावातला काना-मात्रा समोरासमोर ताडून बघता येतो, आणि माझ्या मते वेळ वाचण्यापेक्षा हा फायदा मोठा आहे. दाखल्यावरचं नाव चुकलं तर माणसाला तालुक्याला पुन्हा फेरी पडते.

आंब्याच्या पेट्यांचा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. त्यासाठी काय शिकू?

हंगामात मार्च ते मे नोंदींचा पूर असतो, म्हणून हे फेब्रुवारीतच शिकून ठेवा.

समजा रकाने असे आहेत: तारीख, बागायतदार, पेट्या, डझन, दर, भाडं, हमाली, रक्कम. तारखेच्या रकान्यात कंट्रोल धरून अर्धविरामाचं बटण दाबा, आजची तारीख येते. ती तिथेच कायम राहते, उद्या बदलत नाही. तारखेसाठी टुडेचं सूत्र वापरलं तर रोज सगळ्या नोंदी आजच्या दिसतील, त्यामुळे हिशेबात ते नको.

पुढच्या रकान्यात जायला टॅब. ओळ पूर्ण झाली की एंटर. तारखेपासून टॅब मारत आलात तर एंटर तुम्हाला थेट पुढच्या ओळीतल्या तारखेच्या रकान्यात नेतो. माऊस लागतच नाही. हे कळलं नसल्यामुळे लोक प्रत्येक ओळीनंतर माऊसने डावीकडे परत येतात.

आता बागायतदाराचं नाव. इथे मी सगळ्यांना थांबवून एक बटणजोडी दाखवतो: ऑल्ट + खालचा बाण. त्या रकान्यात वर टाईप झालेल्या नावांची यादी उघडते, बाणाने निवडायचं आणि एंटर. ही केवळ सोय नाही. एकाच माणसाचं नाव एकदा 'परब' आणि एकदा शेवटी चुकून स्पेस पडून 'परब ' असं आलं, तर नावानुसार बेरीज करताना एक्सेल त्यांना दोन वेगळी माणसं धरतं. मे महिन्याच्या शेवटी पैसे देताना वीस पेट्यांचा फरक येतो आणि त्यावरून जुने संबंध बिघडतात. यादीतून नाव निवडलं की हा प्रकार टळतो.

रक्कम काढायचं सूत्र पहिल्या ओळीत लिहिलं की त्या चौकटीसकट खालच्या ओळी निवडून कंट्रोल + डी. हमालीचा दर एकाच चौकटीत लिहिलेला असेल आणि सूत्र खाली उतरवताना तो हलायला नको असेल, तर सूत्र लिहिताना त्या चौकटीच्या नावावर असताना एफ ४ दाबा. डॉलरची चिन्हं लागतात आणि ती चौकट पक्की होते. शेवटी बेरजेला ऑल्ट + बरोबरचं चिन्ह. एका बागायतदाराच्याच नोंदी बघायच्या असतील तर कंट्रोल + शिफ्ट + एलने फिल्टर लावा.

कंट्रोल + खालचा बाण नोंदींच्या शेवटी नेतो. तो कधी एकदम १०,४८,५७६ व्या ओळीवर जाऊन थांबला तर घाबरू नका, खाली काहीच नसल्यामुळे एक्सेलची शेवटची ओळ आली आहे. कंट्रोल + होम दाबा, वर याल.

टॅलीत?

टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर शिकणं म्हणजे बरंचसं कीबोर्ड शिकणंच. व्हाउचरमध्ये असताना एफ ४ कॉन्ट्रा, एफ ५ पेमेंट, एफ ६ रिसीट, एफ ७ जर्नल, एफ ८ विक्री, एफ ९ खरेदी. तारीख बदलायला एफ २. नोंद करता करता नवं खातं उघडायचं असेल तर ऑल्ट + सी. सगळं भरून झालं की कंट्रोल + ए. टॅली प्राईममध्ये ऑल्ट + जी दाबून हव्या त्या अहवालाचं नाव टाईप करता येतं, मेनूतून उतरत जावं लागत नाही.

मराठी आणि इंग्रजी टायपिंग पटकन कसं बदलायचं? आणि 'दऱ्या' लिहिताना तो अर्धा र कसा काढायचा?

विंडोज की + स्पेस. सेटिंगमध्ये मराठी भाषा आधी जोडलेली असली पाहिजे, एवढीच अट.

मराठीसाठी दोन मार्ग आहेत. फोनेटिक कीबोर्डवर इंग्रजी अक्षरांनी मराठी उमटतं. विंडोज १० च्या मे २०१९ च्या अपडेटपासून तो विंडोजसोबतच येतो. दुसरा इन्स्क्रिप्ट, ज्याचा आराखडा १९९१ च्या भारतीय मानकात आहे. रोज मराठी टाईप करणाऱ्याने इन्स्क्रिप्टच शिकावा असं माझं ठाम मत आहे. पहिला महिना जड जातो, पण त्याची रचना आपल्या बाराखडीची आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजनं. बहुतेक ठिकाणी साधं अक्षर आणि त्याचं महाप्राण एकाच बटणावर असतं. के म्हणजे क, शिफ्टसह ख. आय म्हणजे ग, शिफ्टसह घ. 'कुडाळ' लिहायला के, जी, डावा चौकटी कंस, ई, आणि शेवटी शिफ्ट + एन. ळ तिथे आहे.

आता 'दऱ्या'. सह्याद्रीच्या दऱ्या आणि समोरचा दर्या हे दोन्ही शब्द आपल्याला लागतात, आणि इंटरनेटवरच्या निम्म्या मजकुरात 'दऱ्या' चुकीचा लिहिलेला सापडतो. इन्स्क्रिप्टवर हे सोपं आहे. 'दर्या' साठी ओ, जे, डी, तिरकी रेघ, ई. 'दऱ्या' साठी सगळं तेच, फक्त जे दाबताना शिफ्ट धरायचा. शिफ्ट + जेने खाली टिंब असलेला ऱ येतो, डीने त्याचा पाय मोडतो आणि पुढे य आला की तो आडवा र आपोआप तयार होतो. वाऱ्याने, खोऱ्यात, किनाऱ्यावर, होड्या हाकणाऱ्यांना: किनारपट्टीवर राहून लिहिताना हे शब्द पानोपानी येतात, म्हणून याचा सराव वेगळा करा.

टायपिंगची सरकारी परीक्षा देणाऱ्यांनी मात्र आधी आपल्या संस्थेत विचारावं, की परीक्षेला कोणता आराखडा आहे. सराव त्याचाच करा. एकाच वेळी दोन आराखडे शिकायला गेलं की बोटं गोंधळतात.

मराठी चालू असताना कंट्रोल + सी वगैरे चालतं का?

अक्षरांचे शॉर्टकट साधारणपणे चालतात. विरामचिन्हांचा एखादा चालला नाही तर विंडोज की + स्पेसने इंग्रजीवर या.

जुन्या पत्रिकेतला मजकूर कॉपी केला तर भलतीच अक्षरं येतात. माझं कंट्रोल + व्ही बिघडलं का?

नाही. तो मजकूर युनिकोड (सगळीकडे सारखीच उमटणारी अक्षरांची पद्धत) नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये आहे. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये बनवलेल्या जुन्या फाईलींचं हे नेहमीचं आहे: आत इंग्रजी चिन्हंच असतात, फॉन्ट त्यांना मराठीचं रूप देतो. आधी कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणा, मग चिकटवा. आणि चिकटवताना मूळचा रंग-आकार नको असेल तर ब्राउझरमध्ये कंट्रोल + शिफ्ट + व्ही वापरा, नुसता मजकूर येतो.

गणपतीच्या रेल्वे तिकिटासाठी शॉर्टकटचा फायदा होतो का?

थोडा होतो. पण खरा फायदा तयारीचा.

मुंबईच्या चाकरमान्यांसाठी गावाकडून तिकीट काढून देणारे बरेच जण हे विचारतात. प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता बुकिंग उघडतं. प्रवाशांची नावं-वयं आपल्या खात्यातल्या मास्टर लिस्टमध्ये आदल्या दिवशीच भरून ठेवा. फॉर्ममध्ये रकान्यातून पुढे जायला टॅब, मागे यायला शिफ्ट + टॅब, चौकटीत खूण करायला स्पेस. साध्या यादीत पर्यायाचं पहिलं अक्षर दाबलं की ती तिथे उडी मारते.

आणि दोन बटणांपासून लांब राहा. पैसे भरताना पान अडकलेलं दिसलं तरी एफ ५ दाबून ते पुन्हा लोड करू नका आणि ऑल्ट + डावा बाण दाबून मागे जाऊ नका. व्यवहार अर्धवट राहिला तर पैसे कापले जातात, तिकीट येत नाही आणि परताव्याची वाट बघत बसावं लागतं. थांबा, मग बुकिंगच्या यादीत जाऊन तपासा.

आधी कॉपी केलेलं, नंतर दुसरं कॉपी केल्यावर गेलं. परत मिळेल?

विंडोज की + व्ही. पहिल्यांदा दाबल्यावर परवानगी विचारेल, चालू करा. त्यानंतर कॉपी केलेल्या २५ गोष्टींपर्यंतची यादी दिसत राहते. पत्ता, बँकेचा आयएफएससी, होमस्टेच्या पाहुण्यांना रोज पाठवायचा रस्त्याचा मजकूर अशा गोष्टींना टाचणी लावून ठेवा. कॉम्प्युटर बंद केल्यावर बाकीची यादी पुसली जाते, टाचणी लावलेल्या राहतात.

सेवा केंद्र चालवत असाल तर इथे फार जपा. याच यादीत लोकांचे आधार क्रमांक आणि खाते क्रमांकही साठतात, आणि पुढच्या ग्राहकासमोर ती उघडली तर सगळं दिसतं. एका माणसाचं काम झालं की यादीतलं 'सगळं पुसा' दाबा, किंवा काउंटरच्या मशीनवर ही सोय बंदच ठेवा. चहाला उठताना विंडोज की + एल, स्क्रीन कुलूपबंद. लोक विश्वासाने कागद आपल्या हातात देतात.

ब्राउझरचा टॅब चुकून बंद झाला.

कंट्रोल + शिफ्ट + टी.

स्क्रीन उलटी झाली!

काही मशीनवर कंट्रोल + ऑल्ट + वरचा बाण दाबलं की सरळ होते. नाही झाली तर डिस्प्ले सेटिंगमध्ये दिशा बदला.

कॉम्प्युटर हँग झाला तर बटण दाबून बंद करू का?

ते शेवटी. आधी कंट्रोल + शिफ्ट + एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडेल. अडकलेला प्रोग्रॅम निवडून डिलीट. तेही उघडलं नाही तर कंट्रोल + ऑल्ट + डिलीट. ही तीन बटणांची जोडी आयबीएमचे अभियंते डेव्हिड ब्रॅडली यांनी १९८१ च्या आयबीएम पीसीसाठी तयार केली. मशीन पुन्हा सुरू करण्यासाठी ती होती, म्हणून मुद्दाम अशी ठेवली की चुकून दाबली जाऊ नये.

शिफ्ट दाबता दाबता 'स्टिकी कीज' अशी चौकट आली. व्हायरस आहे का?

नाही. शिफ्ट पाच वेळा दाबला की ती येते. नको असेल तर 'नाही' म्हणा.

पण ती कोणासाठी आहे हे जाणून घ्या. एका हाताने काम करणाऱ्याला कंट्रोल धरून दुसरं बटण दाबणं अवघड जातं. स्टिकी कीज चालू केल्यावर आधी कंट्रोल, मग एस, असं एकामागून एक दाबलं तरी चालतं. आणि ज्यांना दिसत नाही, त्यांच्यासाठी तर कीबोर्ड हाच कॉम्प्युटरचा रस्ता. विंडोज की + कंट्रोल + एंटर दाबलं की नॅरेटर स्क्रीनवरचं वाचून दाखवायला लागतो. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत मिळतो आणि त्यावर वेबपानातल्या शीर्षकांवर एच दाबून, लिंकवर के दाबून उड्या मारत जाता येतं. तुमच्या वाडीत दृष्टिहीन मूल शिकत असेल तर शाळेत हे आवर्जून सांगा. त्याला माऊस कुठे आहे हे शिकवण्यात वर्ष घालवू नका.

लॅपटॉपवर एफ २, एफ ४ दाबलं की आवाज किंवा उजेड कमी-जास्त होतो.

एफएन धरून दाबा. बऱ्याच लॅपटॉपवर एफएन + एस्केपने ही अदलाबदल कायमची करता येते.

समुद्राजवळ घर आहे, बटणं अडकतात. शॉर्टकट आपोआप लागल्यासारखे होतात.

खारी दमट हवा आणि त्यावर पावसाळा, त्यामुळे हे आपल्याकडे होतंच. ई दाबल्यावर फाईलींची खिडकी उघडत असेल तर विंडोज की आत अडकली आहे. अक्षरं उमटण्याऐवजी प्रिंटची चौकट येत असेल तर कंट्रोल. आधी ती बटणं दोन्ही बाजूंची दोन-चार वेळा दाबून सोडा, बरेचदा तेवढ्याने सुटतात.

नाही सुटली तर कॉम्प्युटर बंद करून कीबोर्डची वायर काढा, तो उलटा धरून हलकेच झटका, बटणांमधली धूळ कोरड्या मऊ ब्रशने काढा. ओलं फडकं नको. काम अडलेलंच असेल तर विंडोज की + कंट्रोल + ओ दाबून स्क्रीनवरचा कीबोर्ड उघडा आणि माऊसने अक्षरं टिपून अर्ज पूर्ण करा. विंडोज कीच बिघडली असेल तर सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीत हाच कीबोर्ड मिळतो. विंडोज १० वर त्या विभागाचं नाव 'ईज ऑफ ॲक्सेस' आहे. काउंटरचं मशीन असेल तर पावसाळ्याआधी एक साधा यूएसबी कीबोर्ड जास्तीचा आणून ठेवा, आणि तो प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून कपाटात ठेवा.